ऐकून जेवणारे शेठ

माझं वजन वाढायला एकच माणूस जबाबदार आहे, आणि तो माणूस त्या काळात डाएटवर होता.

हल्ली डॉक्टर विचारतात, "तुमच्या घरात कुणाला स्थूलपणा आहे का?" मी सांगतो, घरात नाही, घरमालकांना होता. त्यांना वाटतं मी विनोद करतोय. वजनकाट्यावर उभं राहून विनोद करायची मला काय हौस आलीय?

झालं असं, की नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर म्हणाला दोन वर्षं, म्हणजे किती ते ठाण्यात लहान मूलही सांगेल. आई-बाबा कोपरीला ताईकडे गेले. तिच्या दोन खोल्यांत आणखी गर्दी नको, आणि माझं ऑफिसही कल्याणला, म्हणून मी डोंबिवलीत खोली शोधली. टॉवरांच्या मधोमध जुन्या गावाच्या चार गल्ल्या अजून शिल्लक आहेत, तिथे एका घराच्या माडीवर ती मिळाली. खाली मालक राहायचे. अख्खं गाव त्यांना शेठ म्हणायचं, म्हणून मीही शेठच म्हणायला लागलो. बापजाद्यांची भातशेती होती, तिच्यात आता सोळा-सोळा मजले उगवले होते, आणि शेठना स्वतःला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवसभर अंगणात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून त्यांवर बसायचे. एक खुर्ची पुरत नव्हती असं नाही, टिकत नव्हती.

त्यांच्या बायकोला मी काकी म्हणायचो. काकींच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एकुलती एक मुलगी शहाडला दिलेली, तिचा रक्तगट जुळेना. शेठचा जुळला. पुढच्या सगळ्या तपासण्याही जुळल्या. अडलं ते एकाच ठिकाणी. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शेठना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत पाहिलं, त्याला जरा जास्त वेळ लागला, आणि म्हणाल्या, "एवढ्या वजनात आम्ही तुमची किडनी काढणार नाही. तुमच्याच जिवाला धोका आहे. आधी वीस किलो उतरवा, मग बोलू."

हे मला माहीत, कारण मी तिथे हजर होतो. मी नौपाड्यातला म्हणून शेठनी मला बरोबर नेलेलं. नौपाड्यातल्या माणसाला नौपाड्यातले सगळे डॉक्टर ओळखतात आणि रांग न लावता आत घेतात, अशी त्यांची समजूत होती. आम्ही तिथे दोन तास बसलेलो.

मग शेजारच्या खोलीत आहार सांगणाऱ्या बाई होत्या. नाजूक, चष्मेवाल्या, शुद्ध बोलणाऱ्या. म्हणाल्या, "काका, दिवसाला बाराशे कॅलरी. त्याच्या वर नाही."

शेठ खुर्चीत पुढे सरकले. आयुष्यभर बिल्डरांशी चौरस फुटांची बोलणी केलेला माणूस तो. म्हणाले, "बाराशे कार्पेट कं बिल्ट-अप?"

"म्हणजे?"

"म्हंजे नुसतं जेवान बाराशे, कं चायपानी धरून बाराशे?"

"सगळं धरून, काका."

"मंग कार्पेटला कं उरलं? येक काम करू, पंधराशेवर सेटल करू. तुमचं नाय, आमचं नाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडे पाहिलं. शेवटी बाराशेवरच सही झाली, पण उठता उठता शेठनी विचारलंच, "शेजाऱ्याच्या कॅलऱ्या इकत घेता येतात कं? बिल्डर शेजारच्या जागेचा हक्क घेतात तसा, टीडीआरवानी?" बाई नाही म्हणाल्या. शेठनी तो नकार तेवढ्यापुरता ऐकून घेतला. शेजारी कोण होता ते मला पुढे कळलं.

पहिल्याच दिवशी ऑफिसातून आलो. अंगणात शेठ बसलेले, समोर स्टुलावर दोन फुलके, वाटीभर मूग आणि चिरलेली काकडी. काकडीकडे ते असे बघत होते, जणू तिने त्यांची जमीन बळकावलीय. म्हणाले, "यो कं जेवान हाय? यो तर जेवनाच्या बाजूला ठेवतात." तेवढ्यात आतून काकी आल्या. हातात ताट. ताटात चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं कालवण, वाफाळलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, वर तळलेली कोलंबी. त्यांनी ते मुगाच्या शेजारी ठेवलं. शेठनी ताट सरकवलं. काकींनी परत पुढे सरकवलं. शेठनी परत सरकवलं. मी गुपचूप जिन्याकडे निघालेलो.

"ए! वर कं जातंस? ये, जेवायला बस."

अशी माझी नेमणूक झाली.

पहिला घास घेतला आणि शेठ म्हणाले, "सांग."

"काय सांगू?"

"कसा लागतो ते सांग."

"छान आहे."

"छान हाय! बारशाला आलायस कं? नीट सांग. रस्सा जिभेवर पहिला कं करतो?"

मी नीट चाखलं. आधी आंबट लागतं, म्हटलं, मग तिखट येतं, पण तिखट घशात जात नाही, ओठांवरच राहतं. शेठनी डोळे मिटले. एक फुलक्याचा तुकडा मुगात बुडवून तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिले. "आता नांगी फोड," म्हणाले. मी फोडली. आवाज ऐकून त्यांनी आवंढा गिळला. त्या दिवसापासून शेठ तोंडाने मूग आणि कानाने चिंबोरी जेवायला लागले.

काकींना मीठ वर्ज्य होतं, पाणीसुद्धा मोजून. त्यांना स्वतःला आपल्या हातचं चाखता येत नव्हतं. त्यामुळे दाराआडून त्याही विचारायच्या, "मीठ बरोबर हाय कं रं?" घरात माणसं दोन, दोघंही पथ्यावर, आणि रोज चुलीवर मटण, मासळी, सुक्या कोलंबीची, म्हणजे सोड्यांची खिचडी. खाणारा मी. दोघांना वर्णन पुरवणारा मी. माझ्या खोलीत मी कुकर आणलेला, त्याची शिट्टी मी त्या घरात कधी ऐकली नाही.

आता तुम्ही म्हणाल, नवरा डाएटवर असताना ती बाई हे सगळं रांधायची कशाला? मीही एकदा विचारलं. काकी सोडे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मना त्यांची किडनी नको. चांगला धडधाकट मानूस, त्याला माज्यासाठी फाडायचा? घरात येक आजारी हाय, दोन नकोत. त्यांचं वजन उतरलं नाय तर डाक्टर हात लावनार नाय. मंग मी दुसरं कं करू? मना सयपाक येतो."

म्हणजे हे युद्ध होतं. दोघांनाही ते माहीत होतं. एक माणूस बायकोला वाचवायला उपाशी बसलेला, आणि बायको त्याला वाचवायला कोलंबी तळतेय. मध्ये मी, ढेकर देत.

घरातलं एकवेळ परवडलं. बाहेर आणखी वाईट. लग्नाचे दिवस सुरू झाले आणि हळदी आल्या. आमच्या नौपाड्यात हळद म्हणजे पाटावर बसायचं, बोटभर हळद लावायची, कपभर कॉफी प्यायची आणि फोटो काढून घरी. शेठच्या लोकांत हळद म्हणजे बँजो, मांडव, गावजेवण, आणि मानाच्या माणसाच्या पानासमोर यजमान स्वतः उभा. तिथे शेठसारख्या माणसाने पान टाकलं तर त्या घराशी वाकडं आहे असाच अर्थ निघतो. डाएट वगैरे कुणी ऐकून घेत नाही. "डाक्टरानी सांगितलंय" म्हटलं तर म्हणतात, "डाक्टरना पन घेऊन यायचं होतं."

शेठनी यावर उपाय काढला. मला बरोबर न्यायला लागले. ओळख करून द्यायचे, "आमच्या घरातला पोरगा हाय." पंगतीत मला डाव्या हाताला खेटून बसवायचे. यजमान समोर असेपर्यंत भाकरी मोडायची, रश्श्यात बोट बुडवायचं, मान डोलवायची. तो पुढच्या पानाकडे वळला, की ताट माझ्याकडे आणि माझं रिकामं ताट त्यांच्याकडे. हात असा चालायचा की बघत राहावं.

शहाडला त्यांच्या व्याह्यांकडे हळद होती. मुलीच्या दिराची. इथे चूक झाली असती तर मुलीला वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. व्याही स्वतः पातेलं घेऊन आले. शेठचं ताट रिकामं बघून गहिवरले. "वा शेठ! लोक उगीच बोलतात तुमी जेवन सोडलंत म्हनून!" आणि परत भरलं. शेठनी मला कोपर मारलं. ते मी संपवलं. व्याही परत आले. मला डोळ्यांपुढे बँजोवाले दोन-दोन दिसायला लागले. आणि या सगळ्यात माझ्या कानाशी अखंड सुरू, "सांग. मटान कवला हाय कं? मसाला ताजा हाय कं जुना?"

"शेठ, मला श्वास घेऊ द्या."

"श्वास मंग घे. आदी सांग."

मी सांगितलं. कोवळं आहे, मसाला जळका लागतोय, खोबरं जास्त भाजलंय. शेठनी नीट ऐकलं, बोटं चाटल्यासारखं केलं आणि समाधानाने म्हणाले, "आमच्या घरची सर नाय." प्रत्येक हळदीला हेच. जेवायचं मी आणि निकाल द्यायचे ते, आणि निकाल कायम काकींच्या बाजूने.

आता काट्याचं सांगतो. मुलीने त्यांना काचेचा वजनकाटा आणून दिलेला. शेठ त्यावर उभे राहिले, तर त्याने आकड्याऐवजी नुसतं इंग्रजी 'ई' दाखवलं. "यो पोरीबालींचा काटा," म्हणून शेठनी तो पलंगाखाली ढकलला. घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांचा एक भाडेकरू होता, भंगारवाला. त्याच्याकडे लोखंड तोलायचा मोठा काटा. दर रविवारी सकाळी शेठ बनियनवर त्या काट्यावर उभे राहायचे. गल्लीतली चार माणसं जमायची. आकडा बघून शेठ ओरडायचे, "उतरला!"

डॉक्टरीणबाईंच्या आकड्यापेक्षा पहिल्याच रविवारी इतकं उतरलं, की मी म्हटलं काकडीत काही तरी आहे बुवा.

आता हा काटा कमी दाखवतो हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं? रद्दी विकणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. भंगारवाल्याचा धंदाच त्यावर. स्वतःचं जुनं लोखंडी गेट विकताना शेठनी त्याच काट्यावरून त्याची आई-बहीण काढलेली मी माडीवरून ऐकलेली. पण लोखंडाच्या बाबतीत खोटा असलेला काटा माणसाच्या बाबतीत खरा असू शकतो, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. गल्लीतल्या कुणाची सांगायची छाती नव्हती. मी एकदा चाचरत म्हटलं, "शेठ, दुसरीकडे पण एकदा बघू या का?" तर म्हणाले, "तुना कं वाटतो, मी जेवतो?" ते जेवत नव्हतेच. आणि भंगारवाल्याची पंचाईत विचारूच नका. सांगावं तर घरमालकासमोर चोरी कबूल करायची. बिचारा दर रविवारी घाम पुसत म्हणायचा, "बहोत बढिया, शेठ."

शेवटी एका रविवारी भंगारवाल्याच्या काट्यावर वीस किलो उतरले. शेठनी पांढरा शर्ट घातला, सोन्याची साखळी घातली, पेढ्यांचा बॉक्स घेतला, आणि काकींना नि मला गाडीत घालून दुसऱ्या दिवशी नौपाडा गाठला. वाटेत गाडीत एकटे तेच बोलत होते. काकी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी डायलिसिसहून येतानाही पाहिला नव्हता.

काट्यावर चढण्याआधी शेठनी साखळी काढून माझ्या हातात दिली. चढले. डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला. जेमतेम सात किलो कमी झालं होतं.

शेठ म्हणाले, "तुमचा काटा बिघडलाय."

बाई म्हणाल्या, "बघू या." आणि मला म्हणाल्या, "तुम्ही उभे राहा. तुमचं वजन माहीत आहे ना तुम्हाला?" मला डोंबिवलीला येण्याआधीचं माहीत होतं. मी उभा राहिलो. शेठचे सात किलो गेले कुठे होते, ते त्या खोलीत सगळ्यांना दिसलं, वर थोडं व्याजही. माझा आकडा मी इथे लिहिणार नाही. बाई मला म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा त्या शेजारच्या खोलीत जाऊन या."

आणि तेव्हा काकी हसल्या. मोठ्याने नाही. पदर तोंडाला लावून, सुटल्यासारख्या. शेठनी माझ्या हातातली साखळी घेतली, गळ्यात घातली आणि बाहेर गेले. पेढ्यांचा बॉक्स तिथेच टेबलावर राहिला.

घरी आल्यावर शेठ आधी मागच्या शेडमध्ये गेले. मला वाटलं आता भंगारवाल्याचं काही खरं नाही. पण ते ओरडलेसुद्धा नाहीत. "काटा नीट कर," एवढंच म्हणाले, "सगल्यांचा." त्या गल्लीत तेव्हापासून रद्दीला पुरतं वजन मिळतं, आणि त्याचं श्रेय आहारशास्त्राला आहे हे कुणाला माहीत नाही.

मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तू हसलीस," काकींना म्हणाले. "मी बगितला."

"हसले. मंग? तुमाला कापनार नाय आता. मना बरं वाटलं."

"आनि तू?"

"माजं कं? माजं झालं जगून. लेकीचं लगीन बगितलं. तुमी ऱ्हा चांगले."

"मी ऱ्हाऊन कं करू?" एवढा मोठा माणूस, चौकट भरून उभा, आणि रडत होता. "इतक्या हलदी फिरलो. या पोराला इचार, किती घरचं ऐकलं. येकाच्या पन जेवनात जीव नाय लागला. मी ऐकून जेवतो ना, ते घरी आल्यावर तुज्या हातचं ऐकायचं हाय म्हनून. तू गेलीस तर मना मुग खायला पन कोन घालनार? दुसऱ्याच्या हातचं मना ऐकायला पन नको."

काकी कालथा हातात धरून उभ्या होत्या. मी जिन्यात होतो, आणि खरं सांगतो, मला वर जाववेना नि खाली उतरवेना. त्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं नाही. मीसुद्धा.

पुढचं सगळं तुम्हाला हवं तर आधीच सांगून टाकतो. वजन उतरलं, खऱ्या काट्यावर उतरलं. ऑपरेशन झालं, दोघंही सुखरूप घरी आली. शेठ आता एकाच खुर्चीवर बसतात. आमची बिल्डिंग पूर्ण झाली नाही, पण मी ताईच्या घराजवळ कोपरीला खोली घेतली, कारण मला जगायचं होतं. हे सगळं ठीकच आहे. पण शेठचं वजन खरं उतरायला लागलं तो दिवस मला पाठ आहे.

भांडणानंतर तीन-चार दिवसांनी एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर काकींनी नेहमीसारखी हाक मारली, "ये, चाखून बग." वाटीत काहीतरी पांढुरकं होतं. मी घास घेतला. दुधी. उकडलेला. मीठ नाही, तिखट नाही, फोडणी नाही, लसणाची पाकळीसुद्धा नाही. दुधीलाही आपली लाज वाटावी असा दुधी. जिच्या हातचं सुकटही बोटं चाटून खावं, त्या बाईने हे मुद्दाम बिघडवलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"कसा झालाय?"

"बेकार," मी म्हणालो. त्या घरात हा शब्द मी पहिल्यांदा वापरला.

"बरं," काकी म्हणाल्या, आणि ताट घेऊन बाहेर आल्या.

शेठनी ताटाकडे पाहिलं. नेहमीच्या सवयीने ते सरकवायला हात पुढे आला होता, तो तसाच राहिला. त्यांनी काकींकडे पाहिलं. मग एक घास घेतला. मला "सांग" म्हणाले नाहीत. एकदाही म्हणाले नाहीत. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या दातांनी ते तो भयंकर दुधी खात राहिले, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि माणूस खातोय. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि पुढे केलं.

"अजून घाल."

काकींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. ज्या बाईने त्या घरात आल्यागेल्या कुणालाही, मला तर कधीच, हा शब्द ऐकवला नव्हता, ती म्हणाली, "पुरे. वजन वाढंल."